चेंबरचा नट आणि मराठीचे प्राध्यापक

श्रम या विषयावर मराठी विभागांत जेवढे बोलले जाते तेवढे अन्य कोणत्या विभागात बोलले जात असेल असे आम्हांला वाटत नाही. श्रमसंस्कृती, श्रमनिष्ठ जाणिवा, श्रमिकांचे भावविश्व अशा शब्दांनी चर्चासत्रांच्या कार्यक्रमपत्रिका भरून जातात. नारायण सुर्वे शिकवताना आवाज चढतो, अण्णा भाऊ साठे शिकवताना तो कातर होतो. आणि तोच आवाज तास संपल्यावर प्राध्यापक कक्षात सांगतो की, स्वतःच्या मोटारीचे इंजिन ऑइल स्वतः बदलणे प्राध्यापकाला शोभत नाही. या 'शोभत नाही'चा समाचार घ्यावा म्हणून हे लिहीत आहोत.

विषय क्षुल्लक आहे, हे मान्य. कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या चारदोन माणसांनी एका जुन्या स्कोडा लॉराच्या पोटाखाली वर्षातून एकदा आडवे व्हावे, काळे तेल काढून नवे भरावे, यात साहित्याचे काय अडले? आमच्या मते बरेच अडले आहे. अक्षर एका माणसाकडे आणि हात दुसऱ्याकडे अशी जी वाटणी आपल्या समाजाने शतकानुशतके करून ठेवली, ती मोडण्याचा दावा आधुनिक मराठी साहित्य दीडशे वर्षे करीत आले आहे. तो दावा कितपत खरा, हे तपासण्यासाठी मोठी कसोटी लागत नाही. एकोणीस नंबरचा पाना पुरतो.

प्रथम त्या गाडीविषयी, कारण पहिला टोमणा तिच्यावरच असतो. 'युरोपियन गाडी घ्यायची आणि श्रमाच्या गोष्टी सांगायच्या!' असे म्हणणाऱ्यांत देशीवादावर प्रबंध लिहिलेले स्नेहीही आहेत. त्यांना एवढेच सांगायचे की ही युरोपियन गाडी आपल्याच जिल्ह्यात जुळली. झेक प्रजासत्ताकातील म्लादा बोलेस्लाव या गावच्या स्कोडा कंपनीने २००१ साली तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना सुरू केला. ऑक्टाव्हिया आधी आली, २००५ साली तिचीच पुढची पिढी लॉरा या नावाने आली, त्यानंतर ऑडीच्या गाड्याही तेथेच जुळू लागल्या. कन्नडहून शेंद्रा सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. आयटीआयमध्ये शिकलेल्या आपल्याकडच्या मुलांनी ज्या गाडीचे नटबोल्ट आवळले, त्या गाडीचा एक नट सोडवताना मराठीच्या प्राध्यापकाला ती एकाएकी परदेशी वाटू लागते. विकत घेताना मात्र ती कोणालाच परकी वाटत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातील व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीझ घेतल्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या. देशभर त्याची वार्ता झाली. त्या दीडशे मालकांपैकी बॉनेट उघडून तेलाची पट्टी कोठे असते हे किती जणांना ठाऊक होते, याची बातमी कोणी केली नाही. ती बातमी आहे असे कोणाला वाटलेही नसेल.

या गाड्या जुन्या झाल्या की त्यांची किंमत झपाट्याने पडते, कारण देखभालीच्या खर्चाला लोक भितात. म्हणून तर त्या कन्नडपर्यंत पोचतात. सहाव्या वेतन आयोगानंतर काही जणांनी नव्या गाड्या घेतल्या. पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाच्या दारात लॉरा उभी असेल तर ती कोणाच्या तरी हातून उतरून आलेली असते, हे सांगायला नको. त्याच्या दृष्टीने अधिकृत सेवाकेंद्राचे बिल हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न नाही. मानधन कधी येईल याचा भरवसा नाही. बिल मात्र गाडीची चावी परत देण्यापूर्वीच हातात पडते.

आता 'शोभणे'. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळांसाठी कसा शिक्षक हवा हे सांगितले आहे. तो शेतकरी वर्गातून आलेला असावा, आणि प्रसंग पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे. ही अट आमच्या मते सबंध निवेदनातील सर्वांत दूरदर्शी अट आहे आणि तिचीच आठवण कोणी काढत नाही. शिष्यवृत्ती, सक्तीचे शिक्षण, प्राथमिक शिक्षणावरचा खर्च या मागण्या अभ्यासक्रमात आल्या. रुमणे आणि वाकस आले नाहीत. फुल्यांना शिक्षकाने शेती करून पोट भरावे असे म्हणायचे नव्हते. ज्याला अवजाराची लाज वाटते तो अवजार धरणाऱ्याच्या मुलाला शिकवू शकणार नाही, कारण त्याच्या प्रत्येक धड्यातून ती लाजच मुलापर्यंत पोचेल, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. त्याआधी लोकहितवादींनी 'शतपत्रां'त पाठांतरालाच विद्या समजणाऱ्यांना झोडपले होते. पण ते आपल्या वर्गाला बाहेरून फटकारणे होते. फुल्यांनी थेट शिक्षकाच्या हाताकडे बोट दाखवले.

गंमत अशी की, आज मराठवाड्यातील महाविद्यालयांत शिकवणारे बहुतेक जण फुल्यांना अभिप्रेत असलेल्याच घरांतून आले आहेत. त्यांच्या वडिलांनी बैलगाडीच्या आखाला वंगण घातले आहे. वंगण हा शब्द आमच्या पिढीला कोशातून मिळालेला नाही. गाडीच्या चाकाजवळ चुकून पाय गेला की नडगीला लागणारा तो काळा लेप म्हणजे वंगण. त्यांचे भाऊ आजही शेतावर ट्रॅक्टरचे ऑइल स्वतः बदलतात. मक्याच्या पेरणीआधी गोठ्यासमोर हे काम चाललेले कन्नड तालुक्यातील कोणत्याही वस्तीवर पाहायला मिळेल. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. घरातल्या ज्या एका मुलाने एम.ए. केले, त्याच्यापुरते ते वावगे ठरते. म्हणजे शिक्षणाने नेमके काय दिले? हात धुऊन टाकण्याची मुभा. त्र्यं. ना. आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिले, त्यात कोणते काम कोणाचे याची गावाने घालून दिलेली चौकट तपशिलाने आली आहे. ती चौकट मोडली म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. मग 'हे आपले काम नव्हे, त्याच्यासाठी माणसे आहेत' हे वाक्य कोणत्या चौकटीतून येते? बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडले की, जातिव्यवस्था कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि त्यांची उतरंड लावते. हा मुद्दा आम्ही दरवर्षी शिकवतो, विद्यार्थी दरवर्षी लिहितात, आम्ही दरवर्षी त्याला गुण देतो.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य असतो. 'ही काही मारुती आठशे नव्हे. युरोपियन गाडी आहे, सेन्सर असतात, तज्ज्ञाचे काम आहे.' या आक्षेपात तथ्य आहे, पण आक्षेप घेणाऱ्याला वाटते तेथे ते नाही. म्हणून थोडे तपशिलात जावे लागेल.

सुरुवातीच्या लॉरामधले १.९ लिटरचे डिझेल इंजिन फोक्सवागेनचे. त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप आणि फवारणी एकाच नळीत बसवलेली असते. जर्मन भाषेत तिला 'पुम्पे-ड्यूझे' म्हणतात, म्हणजे शब्दशः पंप आणि तोटी. हा पंप दाबण्याचे काम कॅमशाफ्टवरचा उंचवटा करतो आणि डिझेलवर दोन हजार बारपर्यंत दाब येतो. आपल्या टायरातील हवेच्या जवळजवळ हजारपट. एवढा भार त्या उंचवट्यावर आणि त्याला टेकलेल्या भागावर पडतो, आणि मध्ये असतो फक्त तेलाचा पातळ पापुद्रा. तेल कमअस्सल असेल तर उंचवटा झिजतो, आणि एकदा झिजला की तो भाग बदलण्यावाचून इलाज नाही. म्हणून कंपनीने या इंजिनासाठी तेलाचे वेगळे मानक ठरवले: फोक्सवागेन ५०५ ०१. ज्या डब्यावर हा आकडा छापलेला आहे ते तेल चालते. नसेल तर डबा कितीही महाग असो, चालत नाही. शेजारी '५डब्ल्यू-४०' असे असते. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा: थंडीत तेल किती सहज वाहते ते पहिला आकडा सांगतो, तापल्यावर किती घट्टपणा राखते ते दुसरा. ट्रॅक्टर आणि ट्रकना सर्रास घातले जाते ते १५डब्ल्यू-४०. गॅरेजच्या भाषेत पंधरा-चाळीस.

युरोपियन गाडीचे वेगळेपण ते एवढे. ते सेन्सरमध्ये नाही, तज्ज्ञाच्या हातात नाही. डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले आहे. म्हणजे या कामातला सर्वांत अवघड भाग वाचनाचा आहे. आणि वाचन हा ज्यांचा पेशा, वाचकनिष्ठ समीक्षेवर जे व्याख्याने देतात, त्यांनी 'हे आम्हांला जमणार नाही' म्हणावे!

आता याची दुसरी बाजू. धुळे-सोलापूर महामार्गालगत कन्नडमध्ये जी छोटी गॅरेजे आहेत, तेथील उस्तादांच्या हाताला आमच्यापैकी कोणाचा हात लागणार नाही. नुसत्या आवाजावरून ते दोष सांगतात. पण ५०५ ०१ हा आकडा त्यांतल्या अनेकांच्या कानांवर गेलेला नसतो. डिझेल गाडी आली की पिंपातले पंधरा-चाळीस तीत जाते, गाडी औट्रम घाट चढते-उतरते, आणि काही हजार किलोमीटरनंतर इंजिन कुरकुरू लागले की 'या स्कोडाचं असंच असतं सर' असे ऐकायला मिळते. दोष कोणाचा? गाडीबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत आणि मालकाच्या हातमोज्यांच्या कप्प्यात बंद. दुरुस्तीचे सविस्तर पुस्तक अधिकृत केंद्राबाहेर कोणाला मिळत नाही. उस्तादाला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याच्यापर्यंत मजकूरच पोचू दिलेला नाही.

आणि तो पोचू दिलेला नाही, हे केवळ आमचे मत नव्हे. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती नाकारली जाते, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला आणि चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या चौदांत स्कोडाही होती, फोक्सवागेनही होती, आणि देशी म्हणून मिरवणाऱ्या कंपन्याही होत्या. या बाबतीत देशी-परदेशी असा भेद कोणी केला नाही. दंडाविरुद्ध पुढे अपिले झाली. पण आयोगाने वॉरंटीविषयी जे म्हटले ते आमच्या सहकाऱ्यांनी मुळातून वाचावे: गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्या कारणावरून सबंध वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या अखेरीस संकेतस्थळही काढले. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्यातली चार क्षेत्रे. ज्ञानाची मक्तेदारी हा शब्द आपण मध्ययुगीन वाङ्मय शिकवताना वापरतो. संस्कृतात कोंडलेला अर्थ मराठीत आणणाऱ्यांचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण आजचे कोंडलेले ज्ञान ओळखण्यासाठी गाडीची डिकी उघडली तरी पुरे, हे आपल्याला सुचत नाही.

प्रत्यक्ष काम फार गूढ नाही. गाडी सपाट जागी घ्यावी, इंजिन थोडे कोमट असावे. जॅकने उचलावी आणि खाली घोड्या लावाव्यात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ, येथे कोणतीही तडजोड नको. खालच्या प्लॅस्टिकच्या आवरणाचे स्क्रू चांदणीच्या खाचेचे असतात, त्याला त्या आकाराचीच किल्ली लागते. हा एवढा स्क्रूच पुष्कळांना माघारी पाठवतो. मग चेंबर दिसते, त्याला एकोणीसचा नट. रिंगपाना किंवा गोटी लावून तो सैल करावा, शेवटचे आटे बोटांनी सोडवावेत आणि हात चटकन बाजूला घ्यावा. तेल डांबरासारखे काळे निघते. डिझेल इंजिनात नवे तेलही काही दिवसांतच काळे होते. तेव्हा काळे तेल पाहून मागच्या वेळी फसवणूक झाली असा निष्कर्ष काढू नये. (फसवणूक कळण्याची जागा दुसरी आहे. एका अधिकृत केंद्राच्या बिलात नव्या नटाचे पैसे लावलेले होते. आम्ही खाली शिरलो तेव्हा जुनाच, कोपरे झिजलेला नट आमच्या स्वागताला होता.) फिल्टर वरून, बॉनेटमधून निघतो: मोठे झाकण, आत घडीदार कागद, आणि रबरी कडे, जे दरवेळी नवे लावायचे. चेंबरचा नटही नवाच, कारण त्याचा वायसर त्याला जोडलेलाच येतो आणि एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. तो तीस न्यूटन-मीटर एवढाच आवळायचा. हा आकडा हाताला सुरुवातीला फार कमी वाटतो. पण जास्त जोर लावला आणि चेंबरचे आटे गेले तर मग खरोखरच तज्ज्ञाकडे जावे लागते. सव्वाचार लिटरच्या आसपास नवे तेल, तेही एकदम न ओतता, थांबून, पट्टी पाहून. डॅशबोर्डवरची सर्व्हिसची सूचना बटनांनीच पुसता येते. संगणक लागतो ही दंतकथा.

या परिच्छेदातले शब्द पाहावेत. चेंबर, आटे, गोटी, वायसर, घोडी, पाना. यांतले काही इंग्रजीतून येऊन इतके झिजले आहेत की मूळ रूप शोधावे लागते. आटे हा शब्द तर अस्सल आपला. ही भाषा आहे, तिला व्याकरण आहे, तिच्यात सूक्ष्म भेद आहेत: नट 'सैल' असणे वेगळे, 'फिरका' असणे वेगळे, आणि 'आटे मरणे' हे तिसरेच. भाषा संचालनालयाने यंत्र अभियांत्रिकीचा परिभाषा कोश केला. त्यातली घडीव संज्ञा गॅरेजात पोचली नाही आणि गॅरेजातला शब्द कोशात आला नाही. बोलीभाषांच्या सर्वेक्षणासाठी विद्यार्थी दूरदूर पाठवणारे आमचे विभाग समोरच्या रस्त्यावरची ही बोली ऐकायला कधी थांबले? तेथे गाडी देऊन चहा प्यायला जाणाऱ्याला ती ऐकू येणारही नाही. शब्द वस्तूजवळ राहतात.

तिसरा आक्षेप करुणेचा वेष घेऊन येतो. 'तुम्हीच तेल बदलू लागलात तर गॅरेजवाल्याने खायचे काय?' हा प्रश्न विचारणारे स्वतः गाडी शहरातील अधिकृत केंद्रात नेतात, हा भाग सोडून देऊ. स्वयंपाक येणाऱ्या माणसामुळे खानावळी बंद पडल्याचे ऐकिवात नाही. गॅरेजवाल्याची मिळकत क्लच, सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट अशा कामांवर आहे. ती कामे त्यानेच करावीत आणि त्याचे पूर्ण पैसे घ्यावेत. ज्याने एकदा आपल्या हाताने नट सोडवला आहे तो मजुरीवरून घासाघीस करीत नाही, एवढे मात्र आम्ही पाहिले आहे.

करुणेचा खरा विषय निराळा आहे. आपण तेल बदलायला सांगतो तेव्हा गाडीखाली जातो कोण? उस्ताद क्वचित जातो. हाक मारली जाते 'छोटू'ला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास २०१६च्या दुरुस्तीने बंदी आहे. तरी गॅरेजांच्या रांगेतून चालताना वय विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही. तो मुलगा हातमोज्यांशिवाय कोमट काळे तेल अंगावर घेतो. वापरलेल्या इंजिन तेलात कर्करोगाला कारण होऊ शकणारी द्रव्ये असतात, कातडीला त्याचा वारंवार संपर्क होऊ नये, हे डब्यावर छापलेले असते. तो वाचत नाही आणि वाचणारे सांगत नाहीत. या मुलावर मराठीत बऱ्या कथा लिहिल्या गेल्या आहेत, अजूनही लिहिल्या जातात. दिवाळी अंकांत त्याचे चित्रही छान येते. आमची सूचना रुक्ष आहे: ज्याला हे तेल मुलाच्या हाताला लागू नये असे वाटते, त्याने ते आपल्या हाताला लावून घ्यावे, हातमोजे घालून.

येथे आमच्याच बाजूच्या एका मित्रवर्गाशी मतभेद नोंदवणे भाग आहे. तेल बदलण्याचे नाव काढले की हे मित्र पर्सिगचे मोटारसायकल देखभालीवरचे १९७४चे प्रसिद्ध पुस्तक काढतात, झेन काढतात, कर्माची समाधी काढतात. आम्हांला यातले काही अनुभवाला आलेले नाही. गाडीखाली पाठ दुखते, कोपर खरचटते, तेल बाहीतून काखेपर्यंत जाते आणि वास दोन दिवस राहतो. श्रमात आनंद असतो हे वाक्य बहुधा ज्यांना श्रम करावे लागत नाहीत त्यांनी रचले आहे. आम्ही आनंदासाठी हे करीत नाही. जी वस्तू आपण रोज वापरतो ती आतून कशी आहे हे ठाऊक असणे, आणि ज्या कामाबद्दल वर्गात बोलतो त्याचा निदान वास माहीत असणे, एवढ्यासाठी करतो. शिवाय पैसे वाचतात; हे कारण सांगायलाही लाजू नये.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो आम्हांला आमच्या विद्यार्थ्यांनी विचारला: काढलेले तेल कोठे जाते? गावात जळक्या ऑइलचे उपयोग ठरलेले आहेत. गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासतात, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, आणि उरलेले मातीत ओततात. ही माती पावसात शिवनेकडे वाहते. २०१६च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी तेल-उत्पादकांवर टाकलेली आहे. कागदावरची जबाबदारी तालुक्यापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यातच जुने तेल भरून, झाकण लावून, जेथे अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी तेल उचलले जाते अशा शहरातील ठिकाणी ते द्यावे. हे त्रासाचे आहे. ज्याला एवढा त्रास घ्यायचा नसेल त्याने स्वतः तेल बदलू नये, असे आम्ही स्पष्टच म्हणतो. नदीत तेल सोडून श्रमप्रतिष्ठा मिळवायची नाही.

मराठी साहित्याला हे सारे अगदीच परके होते असेही नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे पेशाने शिक्षकच; बेळगावला त्यांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवले. त्याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले, शंकरराव किर्लोस्करांनी ते वाढवले, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' आले. ज्या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाला कथा आणि निबंध वाचायला शिकवले ती नांगराच्या कारखान्यातून निघाली होती. नियतकालिकांचा इतिहास शिकवताना हे एका ओळीत सांगून आपण पुढे जातो, जणू कारखाना हा केवळ पत्ता होता. आमच्या मते यंत्राविषयी सोप्या, अचूक मराठीत लिहिता येते हा आत्मविश्वास त्या कारखान्यातून आला, आणि तो पुढे साहित्याच्या कामी आला. आज तो कोठे गेला? उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत आपण जाहिरात शिकवतो, बातमी शिकवतो, सूत्रसंचालन शिकवतो. एखादे काम टप्प्याटप्प्याने, वाचणाऱ्याची फसगत न होता, त्याला दुखापत न होता कसे सांगावे, हे लेखन आपण शिकवत नाही. 'सैल करा' आणि 'काढा' यांत फरक आहे. तो चुकला तर उकळत्या तेलाने हात भाजतो. शैलीविचाराला याहून कठोर परीक्षक कोठे मिळणार?

आम्ही काही जणांनी लॉराच्या तेलबदलाची कृती दोन पानांत मराठीत उतरवून काढली आहे. मूळ इंग्रजी पुस्तकातले आकडे तेच ठेवले, शब्द गॅरेजातले घेतले. कोणी 'तैलकुंड' आणि 'निचरा-पेच' सुचवले होते. त्यांचे आभार मानून 'चेंबर' आणि 'चेंबरचा नट' कायम ठेवले. पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत ५०५ ०१ आहे, आणि पंधरा-चाळीस का घालू नये याचे कारण तीन वाक्यांत. दुसऱ्या पानाचा खालचा अर्धा भाग जळक्या तेलाविषयी आहे. महामार्गावरच्या दोन गॅरेजांच्या भिंतीवर ती पाने लागली आहेत. एका उस्तादाने त्यावर पेनाने फिल्टरच्या झाकणासाठी बत्तीसची गोटी लागते असे लिहून ठेवले, ते आम्ही पुढच्या प्रतीत घेतले. ऑक्टाव्हियाच्या पेट्रोल इंजिनाची पाने अद्याप व्हायची आहेत. विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी ती गाडी असेल तर तिचे पुस्तक चार दिवसांसाठी विभागात आणून द्यावे.